तलवार आधी, थापट्या शेवटी

मामांच्या हिशेबात रानबदकं दोनच जातींची. भात खाणारी आणि चिखल खाणारी. पहिलीसाठी काडतूस खर्चायचं, दुसरी कितीही जवळ आली तरी बंदूक उचलायची नाही.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. वय ऐंशीच्या पुढे, जन्म करंजाड्याच्या जुन्या गावठाणातला. मी लग्नानंतर इथं आले तेव्हा गाढी नदीच्या या काठावर सेक्टरांच्या पाट्या लागून गेल्या होत्या आणि इमारतींच्या रांगा उभ्या राहत होत्या. पक्षी बघण्याचा नाद मी पुण्याहून सोबत आणला होता. दुर्बीण, वही, पक्ष्यांची दोन पुस्तकं. एका रविवारी मी गच्चीवर वही उघडून बसले होते. मामा शेजारी येऊन बसले, पुस्तकातलं बदकांचं पान उलटलं आणि एकेका चित्रावर बोट ठेवत म्हणाले, "हे खाल्लंय. हे खाल्लंय. हे नाय खाल्लं, पण मारलंय. हे कुणी खात नाय."

मला धक्का बसला होता, तो मी लपवला नाही. पण त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं. तेव्हापासून मला त्यांना उरणजवळच्या पाणजे पाणथळावर न्यायचं होतं. या जानेवारीत तो योग आला.

आदल्या संध्याकाळी तालीम म्हणून आम्ही नदी ओलांडून पनवेलच्या वडाळे तलावावर गेलो. फिरायला येणाऱ्यांची गर्दी, भेळेच्या गाड्या, आणि मधल्या पाणवनस्पतींच्या गादीवर तपकिरी रंगाची, उंच मानेची अडई बसलेली. अडई आपल्याकडची बारमाही रहिवासी. दिवसभर पाण्यावर झोपते आणि अंधार पडला की शीळ घालत चरायला निघते. मामा कठड्याला टेकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हिला मारण्यात मर्दुमकी नाय. बार टाकला तर लांब पळून जायचं सोडून पडलेलीच्या डोक्यावर घिरट्या घालत बसते. एकदा बघितलं, मग मना ते जमलं नाय." मांसही चिवट, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण आधी सांगितलं ते घिरट्यांचं.

पहाटे साडेपाचला निघालो. वडघर मागे टाकलं आणि गव्हाण फाट्याकडे वळलो तेव्हा उजवीकडे विमानतळाचे दिवे होते. २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. ११६० हेक्टरांचा हा पसारा. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचं पात्र वळवलं आणि दहा गावं उठली. त्यांतल्या कोपरमध्ये मामांच्या बहिणीचं घर होतं. मामा गाडीच्या काचेतून बघत म्हणाले, "त्या दिव्यांच्या अलीकडं खाजण होतं. दिवाळी झाली की तिथं तलवार उतरायची."

तलवार हे त्यांच्या यादीतलं पहिलं नाव. नराच्या शेपटीची मधली पिसं लांब, टोकदार, म्हणून मराठीत तलवार बदक. मान लांब आणि सडपातळ, डोकं चॉकलेटी, मानेवरून वर चढत गेलेली पांढरी रेघ. रशियाच्या उत्तरेकडच्या थंड प्रदेशात वीण करून ते हिवाळ्याला आपल्याकडे येतं. मामांना रशियाचं देणंघेणं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं की ते आल्या आल्या मारायचं नाही, कारण प्रवासानं ते हडकलेलं असतं. खारबंदिस्तीच्या आतली भातं दिवाळीच्या आगेमागे कापली जातात. खाचरात सांडलेला दाणा खाऊन तलवार महिनाभरात अशी माजते की सोलताना बोटांना चरबी लागते. म्हणून शिकार मार्गशीर्षात.

दुसरा मान चक्रांगाचा. आपल्याकडच्या बदकांत ते सगळ्यांत लहानांपैकी एक. माणशी एक लागतं, पण चवीला सगळ्यांत गोड, असं मामांचं ठाम मत. शिवाय ते मारायला अवघड. मोठी डुबी बदकं पाण्यावर धावत धावत उठतात, चक्रांग मात्र जागच्या जागी उभं उसळतं. "डोळ्याला लावेपर्यंत माडाएवढं वर गेलेलं असतं," मामा म्हणाले, आणि त्यांचा डावा हात आपोआप नळी धरल्यासारखा पुढे आला.

तिसरं हळदी-कुंकू. चोचीचं टोक पिवळंधमक आणि चोच जिथं कपाळाला लागते तिथं दोन लाल ठिपके. ज्या कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. इंग्रजी नावात नुसते ठिपके आले, हळदी-कुंकू आलं नाही. हे बदक इथंच राहतं, इथंच घरटं करतं. पावसाळ्यात मामांच्या वडिलांनी त्याला कधी हात लावू दिला नाही. मग भिवई, म्हणजे डोळ्यावर पांढरी रुंद भुवई असलेलं. परदेशी बदकांत ते सगळ्यांत आधी पोचणाऱ्यांपैकी, आणि येतं ते मोठ्या थव्यानं.

आणि तळाला थापट्या. चोच पुढे रुंद होत गेलेली, गवंड्याच्या थापीसारखी. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दात असतात. तोंडात पाणी घ्यायचं, कडेनं सोडून द्यायचं आणि अडकलेले किडे, शेवाळ, चिखलातलं काहीबाही गिळायचं, असा त्याचा दिवसभराचा उद्योग. गावच्या म्हशी डुंबतात त्या डबक्यातही ते सुखानं चरतं. "हिवसा वास," मामांनी नाक मुरडलं. "मसाला किती बी घाल, कढईतनं चिखल बोलतो."

यात नुसती खोड नाही. बदकाच्या चरबीत त्याच्या खाण्याचा वास उतरतो, हे जगभरच्या शिकाऱ्यांना अनुभवानं कळलेलं आहे. अमेरिकेत कॅनव्हासबॅक नावाचं बदक एकेकाळी बड्या हॉटेलांतलं सगळ्यांत महाग पक्वान्न होतं, आणि त्याची ती चव चेसापीकच्या उपसागरातल्या एका पाणगवताची होती. ते गवत खाणं हीच त्याची ओळख, इतकी की शास्त्रीय नावातही गवताचंच नाव आलं आहे. आपल्याकडे ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. स्टुअर्ट बेकरचं भारतीय बदकांवरचं पुस्तक १९०८ सालचं. ही पुस्तकं शिकाऱ्यांसाठी शिकाऱ्यांनी लिहिलेली. त्यांत पिसांच्या वर्णनाइतकीच ताटाची चर्चा आहे, आणि साहेबांच्या ताटातही तलवार वर आणि थापट्या खाली. मामांनी ही पुस्तकं पाहिलेलीसुद्धा नाहीत. गाढीच्या काठावरचा शेतकरी आणि साहेबी टोपीतला शिकारी एकाच क्रमावर आले, कारण दोघांनाही तो बदकाच्या पोटातल्या दाण्यानं शिकवला.

सलीम अलींनाही पक्षी आधी नेमातूनच भेटले. लहानपणी एअरगननं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पुढचं सगळं घडलं. सुगरण पक्ष्यावरचा त्यांचा पहिला मोठा अभ्यास आमच्याच जिल्ह्यातला, किहीमचा, १९३० सालचा. हे मी मामांना गाडीत सांगितलं. "म्हणजे आमच्यातलेच," ते म्हणाले. मला ते पटलं.

जासईपासून कंटेनरांची रांग सुरू झाली. करळ फाटा, द्रोणागिरी, आणि सात वाजता, सूर्य उगवायच्या जरा आधी, पाणजे.

पाणजे हे उरण तालुक्यातलं पाणथळ, सुमारे २८९ हेक्टरांचं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बंदर आणि त्याची गोदामं. भरतीचं पाणी उघाड्यांतून आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं, यावर अशा जागेचा जीव. ते पाणी अडलं की चिखल तडकतो आणि पक्षी उडून जातात. मग कुणीही येऊन ही पडीक जमीन आहे म्हणू शकतो. आम्ही गेलो त्या दिवशी पाणी होतं. धुक्याचा पातळ थर होता आणि त्याच्या आतून हजारो तोंडांचा एकच आवाज येत होता. बांधावर उतरताच मामा थांबले, डोळे मिटले, आणि ऐकत राहिले. मी दुर्बीण काढेपर्यंत त्यांनी चार नावं सांगितली होती.

उजेड वाढला तसे रोहित पक्षी दिसले, मग लाल पायांच्या शेकाट्या, मग बदकं. मी मोजायला लागले. थापट्या दोनशेच्या वर. पाण्यावर गोल गोल फिरत, चोची बुडवून, एकामागे एक. भिवई तीस-बत्तीस. चक्रांग अठरा. हळदी-कुंकवाची एक जोडी. बऱ्याच वेळानं, लांबच्या पाणकणसापाशी, तलवार. सात.

मी मामांच्या हातात दुर्बीण दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, डोळ्याला लावली, आणि खूप वेळ काढलीच नाही. काही पक्षी जवळून उडाले की ते पुटपुटायचे, "बाहेर… बाहेर… आत." मला कळायला वेळ लागला. ते अंतर मोजत होते. छऱ्याचा पल्ला चाळीस पावलांचा. त्याच्या पलीकडचं बदक बाहेर, अलीकडचं आत. बंदूक जाऊन तीस वर्षं झाली, तरी डोळा अजून त्याच मापानं बघत होता.

बंदुकीची गोष्ट त्यांनी बांधावर बसून सांगितली. आधी वडिलांची ठासणीची, मग पीक-संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एकनळी बारा बोअर. परवाना होता रानडुकरासाठी, बदक त्यात बसत नव्हतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. सूर्य बुडताना बांधाच्या आडोशाला बसायचं. दिवसा खाडीच्या उघड्या पाण्यात झोपलेली बदकं त्या वेळी चरायला खाचरांकडे येतात, तोच तासाभराचा वेळ. वारा कुठला, भरती किती, चंद्र केव्हा, हे जमवायचं. उधाणाच्या दिवसांत खाडी भरून वाहते, चिखल बुडतो, आणि बदकं लवकर आत येतात. दोन बार मिळाले तर खूप. घरी आजी गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची, उरलेली लव जाळावर होरपळायची, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर रस्सा. चक्रवाक मात्र त्यांच्या घरात कधी शिजला नाही. मांस उग्र, हे एक कारण. शिवाय तो चहाडखोर. शिकारी शंभर पावलांवर असतानाच ओरडून सगळं पाणी उठवून देतो. आपल्या जुन्या काव्यात हाच पक्षी रात्रीच्या विरहाचं प्रतीक आहे. बांधाआड बसलेल्या माणसाला त्याच्या विरहापेक्षा त्याचा ओरडा जास्त ठाऊक.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तरी परवान्यावरची शिकार काही वर्षं चालू होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही संपली. मामांनी त्यानंतर बंदूक जमा करून टाकली. "बरंच झालं," ते म्हणाले. मलाही तसंच वाटतं, आणि ती बंदूक परत यावी असं मला क्षणभरही वाटत नाही. बदक मारण्यावर आज बंदी आहे, ती असलीच पाहिजे.

मग त्यांनी विचारलं, आणि विचारताना दुर्बीण खाली घेतली, "आम्ही मारली म्हणून संपली का गं, सूनबाई?"

मी भरतपूरबद्दल बोलले. राजस्थानातलं ते सरोवर संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठीच राखलं होतं. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो तिथं आला आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. वाचतानाही अंगावर येणारा आकडा आहे. आणि तरीही पुढच्या हिवाळ्यांत बदकं तिथं येत राहिली, कारण पाणी होतं. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ मध्ये जागतिक वारसा. बंदुका कधीच थांबल्या होत्या. मग २००४ नंतरच्या काही वर्षांत पांचना धरणाचं पाणी मिळेना, तळी कोरडी पडली, आणि पक्षी आले नाहीत. एकही बार न टाकता.

दुसरी गोष्ट गुलाबी डोक्याच्या बदकाची. बंगाल-बिहारच्या उंच गवताच्या दलदलीतला हा पक्षी, चवीला शिकाऱ्यांनी कधी नावाजला नाही. दुर्मीळ म्हणून मारला जायचा, हे खरं. पण ज्या दलदलीत तो राहायचा ती उपसून शेतं झाली, आणि १९३५ च्या सुमारास दरभंग्याकडे दिसला तो शेवटचाच. नावडतं असण्यानं ते वाचलं नाही.

मामा ऐकत होते. त्यांच्या आणि माझ्या समोर दोनशे थापट्या फिरत होत्या. त्या वेळी मला जे दिसलं ते सांगते. मामांची यादी माझ्या वहीत उलटी झाली होती. त्यांनी ज्याला तळाला टाकलं ते बदक दोनशेवर आणि ज्याला शेंड्यावर बसवलं ते सात. थापट्याला गढूळ, सांडपाणी मिसळलेलं, शेवाळलेलं पाणी चालतं. आपण त्याला हवं तसं पाणी भरपूर करून ठेवलं आहे. तलवारीला रात्री चरायला कापणीनंतरचं भाताचं खाचर लागतं. उरण-पनवेलच्या खारबंदिस्तीतली किती खाचरं आज भाताची राहिली, हे गव्हाण फाट्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. शिकारी ज्या बदकाला मोठं मानत होते ते चांगल्या पाण्याचं आणि पिकत्या शेताचं बदक होतं. त्यांच्या आवडीत एक मोजमाप होतं, आणि ते मोजमाप बंदुकीबरोबर आपण टाकून दिलं.

अमेरिकेत उलटं झालं. तिथं शिकार चालू राहिली, हिरव्या डोक्याचं मॅलार्ड हे आजही तिथल्या शिकाऱ्यांचं सगळ्यांत लाडकं बदक. पण १९३४ पासून प्रत्येक शिकाऱ्याला बदकांचं तिकीट विकत घ्यावं लागतं, तेव्हा एक डॉलर, आता पंचवीस. त्या पैशातून दलदली विकत घेऊन राखल्या जातात. १९३७ मध्ये शिकाऱ्यांनीच त्यासाठी संस्था काढली. तो मार्ग आपला नव्हे. पण आपण मारणाऱ्याला थांबवलं आणि पाण्यासाठी पैसे मोजणारा कुणी उभाच केला नाही. आम्ही दुर्बिणवाले फोटो काढतो, याद्या करतो. तिकीट कुणी मागत नाही. मागितलं तर मी आनंदानं काढीन. नांदूर मध्यमेश्वराला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा २०२० मध्ये जाहीर झाला, ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये. खाडीच्या या बाजूच्या, उरणच्या पाणथळांसाठी लोक अजून कोर्टात आणि रस्त्यावर भांडत आहेत.

परतताना मामा फारसं बोलले नाहीत. करंजाड्यात शिरल्यावर त्यांनी गाडी एका इमारतीपाशी थांबवायला सांगितली. संपादित शेतजमिनीच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेल्या प्लॉटवरची ही इमारत. तिच्या भाड्यावर दोन नातवंडांचं शिक्षण झालं, हे ते अभिमानानं सांगतात आणि तो अभिमान खरा आहे. फाटकाशी उभे राहून त्यांनी पार्किंगकडे बोट केलं. "पाण्याच्या टाकीपासून त्या लाल गाडीपर्यंत एक खाचर. पुढं बांध. बांधावर मी." मग पावलं टाकत गेले, मोठ्यानं मोजत. अडतिसाव्या पावलाला थांबले. तिथं सोसायटीचा सूचनाफलक होता. "इथं पडली होती माझी पहिली तलवार," ते म्हणाले. वॉचमन बघत राहिला.

जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "त्या सातांत माद्या किती?"

मी पाहिलं नव्हतं. सात मोजले आणि वहीत लिहून मोकळी झाले.

"शेपटी आखूड ती मादी. माद्या किती ते कळल्याबिगर सात म्हणजे काय?"

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. तास-दीड तास लागला. तलवार पाणकणसाच्या मागे होती आणि एका वेळी दोन-तीनच बाहेर येत होती. बांधावरूनच मामांना फोन केला. "तीन माद्या," म्हटलं, "चार नर."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, "उधाणाला गेलीस. आता भांगाला जा. पाणी चढत नाय, कडेचा चिखल उघडा राहतो, तवा ती काठाला येतात. वारा तोंडावर घेऊन बस, आणि ती पांढरी ओढणी घालू नको. परत मोज."

मी वहीत भांगाची तारीख लिहून घेतली.